सोबत दारामागून दार: अमरावती ते अकोला

कापसाच्या तेजीचं वऱ्हाड पाहायचं, असं मी निवृत्त झाल्यापासून म्हणत होते. या थंडीत म्हणणं थांबवलं आणि तिकीट काढलं. नगरहून मनमाडपर्यंत एसटी, पुढे रेल्वेने बडनेरा, तिथून अमरावतीला रिक्षा. रिक्षाचं भाडं बसण्याआधी ठरवा. वऱ्हाडी माणूस बोलायला फटकळ, पण एकदा ठरलं की मागाहून हुज्जत घालत नाही. आणि उन्हाळ्यात जाऊ नका. ज्यांना तिकडचं ऊन ठाऊक नाही, त्यांनी ते ठाऊक करून घेण्याची गरज नाही.

तेजी म्हणजे दीडशे वर्षांहून जुनी गोष्ट. अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीतल्या कापसाला सोन्याचा भाव आला. जो तो कापूस पेरू लागला. ज्वारी महागली. गाडीवान महिनोन् महिने वाटेवर असत. माझ्या पणजीची आई तेव्हा अमरावतीत नवी सून होती. घर नुकतंच ख्रिस्ती झालेलं, त्यामुळे भाऊबंदांनी संबंध तोडलेले. नवरा कापसाच्या गाड्यांबरोबर गेला आणि ही बाळंतपणाला एकटी राहिली.

मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, तेव्हा मोजकी घरं होती. तीही निरनिराळ्या जातींतून आलेली, प्रार्थनेला शेजारी बसणारी पण एकमेकांच्या हातचं पाणी घ्यायला कचरणारी. जिच्या हातचं पाणी आमच्या या सुनेने आदल्याच आठवड्यात नाकारलं होतं, तीच बाई कळा सुरू झाल्यावर दारात आली आणि तिनेच मूल हातात घेतलं. त्यानंतर या बायकांनी एक नियम केला. आजारपण, बाळंतपण, कचेरी, मयत, कशालाही मंडळीतलं माणूस एकटं जाणार नाही. आणि सोबतीला कोण जाणार हे आवडीवर ठरणार नाही. दारामागून दार, ज्या घराचा क्रम येईल त्याने जायचं. आमच्या घरात ही हकीगत अशीच चालत आली आहे. मला तिचा अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही.

अमरावतीत मी पाळकांच्या, म्हणजे मंडळीच्या पाद्रींच्या, घरी उतरले. पहिला दिवस जुन्या कापूस बाजाराच्या बाजूने पायी हिंडण्यात गेला. संध्याकाळी गिला वडा खाल्ला. दह्यात बुडालेला हा वडा अमरावतीतच खावा, इतरत्र त्याची नक्कल मिळते. जेवताना मी पाळकबाईंना विचारलं, "तो सोबतीचा क्रम अजून चालतो का?"

"चालतो म्हंजे?" त्या म्हणाल्या. "उद्या सकाळी स्टँडवर चला. तुम्हाले अकोल्याले जायचंच हाय. त्याच बसनं आमच्या सलोमीबाई चालल्या. गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन हाय. मुलगा दूर नोकरीला. अन् नंबर आला कुसुमबाईंचा." मग त्यांनी कपाळाला हात लावला.

कारण असं. आमच्यात लग्नाआधी तीन रविवार उपासनेत पुकार होते. कोणाची हरकत असेल तर त्याने उभं राहून सांगायचं. तीन वर्षांपूर्वी कुसुमबाईंच्या मुलीची पुकार झाली आणि सलोमीबाई उभ्या राहिल्या. मुलगा दारू पितो, म्हणाल्या. लग्न मोडलं. पुढे कळलं की त्या मुलाने कधी थेंबही घेतला नव्हता, कोणाच्या तरी ऐकीव गोष्टीवर बाई बोलल्या होत्या. मुलाचं दुसरीकडे जमलं. मुलीने लग्नाचा विषयच बंद केला. सलोमीबाईंनी चूक झाली असं आजवर म्हटलं नाही, आणि दोघी त्या दिवसापासून बोलत नाहीत.

सकाळी स्टँडवर कुसुमबाई आमच्याआधी हजर होत्या. पायाशी पिशवी, डब्यात भाकऱ्या. सलोमीबाईंनी त्यांना पाहिलं आणि बसच्या पायरीवरचा पाय मागे घेतला.

"मी हिच्यासंगं जात नाई," त्या पाळकबाईंना म्हणाल्या. "या पाहुण्या ताई जाऊन राहिल्या ना? त्याच राहतील माह्याजवळ."

मी तयार होते. तसं म्हणालेही.

"काहून?" कुसुमबाई उसळल्या. "नंबर माहा हाय. पाहुणीले कामाले लावता का? चढ वो वर, लोकं खोळंबले. तुह्याशी बोलाले नाई आली मी, सोबतीले आली."

कंडक्टर म्हणाला, "मावशी, भांडण आत बसून करा, तिकीट तेवढंच हाय."

सलोमीबाई चढल्या. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्याचा फायदा घ्या. उजवीकडची खिडकी धरा, सकाळचं ऊन लागत नाही. वाटेत दोन्ही बाजूंना वेचणी चाललेली होती, शेतं पांढरीशुभ्र. मूर्तिजापूरला चहा. कुसुमबाईंनी तीन कप आणले, एक माझ्या हातात दिला आणि दुसरा पुढे करून म्हणाल्या, "ताई, तिले द्या. साखर कमी सांगतली, तिले चालत नाई." तीन वर्षं न बोलणाऱ्या बाईला हे बरं लक्षात होतं. माझ्यामार्फत दिलेला तो कप सलोमीबाईंनी घेतला आणि खिडकीबाहेर बघत प्यायला.

अकोल्यात दवाखान्याजवळच्या साध्या लॉजवर मी खोली घेतली. खोल्या आधी पाहून मगच पैसे द्या. दुपारी दवाखान्यात गेले तेव्हा डॉक्टर समजावून सांगत होते. गाठ काढायलाच हवी, पण ती आवाजाच्या नसेला लागून आहे. आवाज बसू शकतो. क्वचित परत येत नाही.

डॉक्टर गेल्यावर सलोमीबाई चादरीची किनार चाचपू लागल्या. मग म्हणाल्या, "कुसुम, ते पुकारीच्या दिवशी..."

"चूप राय," कुसुमबाई म्हणाल्या.

"आवाज गेला तं राहूनच जाईन वो."

"इथं नाई ऐकाचं मले." आणि त्या उठून व्हरांड्यात गेल्या.

मी मागे गेले. तीन वर्षं ज्याची वाट पाहिली ते तोंडाशी आलं असताना अडवता का, असं सरळ विचारलं. मला आडून बोलता येत नाही.

"इथं ऐकाले कोण हाय, ताई? मी अन् भिंत," त्या म्हणाल्या. डोळे भरले होते, पण आवाज स्पष्ट होता. "माह्या पोरीची अब्रू मंडळीत गेली, खाटेपाशी नाई गेली. जिथं उभी राहून बोलली, तिथंच उभी राहून बोल म्हणा."

"आणि आवाज गेला तर?"

कुसुमबाईंनी पदराने डोळे पुसले. तोंड धुऊन त्या आत गेल्या, भाकरी दुधात कुस्करली आणि सलोमीबाईंना भरवली. ऑपरेशन झालं तेव्हा आणि नंतरचे दिवस त्याच स्टुलावर होत्या. आपण प्रीती प्रीती म्हणतो, ती मनात दाटून आल्यावरच करायची असं बऱ्याच जणांना वाटतं. या बाईच्या मनात राग होता, तो तिने लपवला नाही, आणि काम सोडलं नाही.

कुसुमबाईंचा निरोप मी सलोमीबाईंना पोचवला. मधले दिवस परतवाडा आणि शेंदूरजनाघाटकडे काढले. संत्र्यांच्या बागा पाहायच्या तर हाच मोसम. बागेतून घ्या, बाजारापेक्षा स्वस्त आणि गोड. सलोमीबाईंना घरी सोडल्याचं कळलं, म्हणून रविवारी मुद्दाम अमरावतीला परतले.

उपासना संपत आली तेव्हा सलोमीबाई उभ्या राहिल्या. गळ्याला पट्टी. आवाज पुरता गेला नव्हता, पण उरला होता तो कुजबुजीएवढा. ओठ हलताना दिसत होते, पुढच्या बाकांपलीकडे काही पोचत नव्हतं.

"ऐकू येत नाई," मागून कोणीतरी म्हणालं.

कुसुमबाई उठल्या. शेजारी जाऊन त्यांच्या तोंडाशी कान नेला आणि मंडळीकडे वळून खणखणीत आवाजात म्हणाल्या, "म्हणते, त्या दिवशी मी बोलली ते ऐकीव होतं. खोटं होतं." पुन्हा कान. "म्हणते, पोराचीबी बदनामी केली अन् कुसुमच्या पोरीचंबी नुकसान केलं. माफी मागते." पुन्हा कान नेला. या वेळी त्या वळल्या नाहीत.

पाळकांनी विचारलं, "काय म्हणाल्या?"

"ते मंडळीसाठी नाई," कुसुमबाई म्हणाल्या. "ते मले म्हणाली."

पेटीवर कुसुमबाईंची मुलगी बसली होती. तिने मान वर केली नाही. तिला घाई करायचा अधिकार कोणालाच नाही. पाळकांनी खूण केल्यावर तिने शेवटच्या गीताचा सूर धरला आणि सगळे उभे राहिले. सलोमीबाई नुसते ओठ हलवत होत्या.

आता नगरला आले आहे. संत्री वाटून झाली, फोटो मुलीने कॉम्प्युटरवर चढवले. आमच्या मंडळीत शिकलेली माणसं पुष्कळ आहेत, आजारी माणसाला सगळे फोनवर शुभेच्छा पाठवतात. गेल्या रविवारी मी उभी राहिले आणि सोबतीचा क्रम मांडला. एकाने विचारलं, "पण ज्याच्याशी पटत नाही, त्याचं काय?" मी म्हटलं, "त्याच्यासाठीच तर दारं मोजायची." घरांची नावं लावायला घेतली आहेत. सुरुवात माझ्या दारापासून.