काचेच्या कपाटातला ट्रे

चांगली नर्स कशी घडते यावर कुणी भाषण ठोकायला लागलं की माझं डोकं सणकतं. आम्ही घडलो त्या चादरीच्या कोपऱ्यांवर! सत्तरच्या दशकात नागपूरच्या एका दवाखान्यात मी अपघात विभागात होते. पलंगाची चादर पाकिटासारखी दुमडली नाही, तर आमच्या इन्चार्ज सिस्टर चारचौघांत पाणउतारा करायच्या. पेशंटला काय झालंय हे मी किती लवकर ओळखलं, ते तीन वर्षांत एकदाही कुणी विचारलं नाही.

ते आमचं आम्हीच शिकलो. पोळा झाला की कपाशीवर फवारणी करणारी माणसं विषबाधा होऊन यायची. तोंडाला फेस, अंगभर घाम, डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या. दारातूनच कळायचं. त्यावर अ‍ॅट्रोपिनचं इंजेक्शन, तेही लागोपाठ, तोंड कोरडं पडेस्तोवर. म्हणून तातडीच्या औषधांचा ट्रे कायम टेबलावर, हाताशी असायचा.

त्या दिवशी मोठे साहेब तपासणीला येणार होते. सकाळीच इन्चार्ज सिस्टरांनी ट्रे उचलून काचेच्या कपाटात ठेवला, कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. टेबलावर कशिद्याचा टेबलक्लॉथ आला, फुलदाणी आली.

मी म्हटलं, "सिस्टर, फवारणीचे दिवस आहेत."

"शहाणपणा नको. साहेब गेले की काढू."

आणि डॉक्टरांसकट सगळे हार घेऊन फाटकाशी! विभागात उरलो मी आणि एक आया.

अकराच्या सुमारास कळमेश्वरकडचा एक माणूस बायकोला दोन्ही हातांवर घेऊन आत आला. बाई पंचविशीचीही नसेल. "सकाळपासून फवारा मारून राहिली होती, वावराच्या धुऱ्यावरच पडली," तो म्हणाला. "हिले वाचवा, बाई!"

आयाला मी किल्लीसाठी पळवलं. बाईचं भिजलेलं लुगडं कापून काढलं, साबणानं अंग धुतलं, तिला कुशीवर वळवलं, तोंडातला फेस नळीनं ओढत राहिले. सगळं बिनचूक. अ‍ॅट्रोपिन मात्र काचेपलीकडे, वीतभर अंतरावर.

आया धापा टाकत परत आली. "सिस्टर साहेबांसंगं वरच्या वॉर्डात हायेत. मले जवळच जाऊ देऊन नाही राहिले."

"डॉक्टर?"

"तेही तिथंच."

"मग परत जा! ओरड, गोंधळ घाल, पण किल्ली आण!"

बाईचा श्वास घरघरायला लागला होता. नवऱ्याचा जीव टांगणीला. त्यानं कपाटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "औषध यातच हाय ना? मग फोडा ना काच! काहून थांबल्या, बाई?"

लोखंडी स्टूल मी उचललं. डोक्याच्या वर नेलं. आणि खाली ठेवलं.

साहेब येतील, फरशीवर काचांचा सडा दिसेल, आपली खैर नाही, एवढंच मनात आलं. लिहितानाही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. त्याला मी काय सांगितलं? "किल्ली येतेच आहे, भाऊ." आणि त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला. मी पांढऱ्या कपड्यांतली ना!

किल्ली आली, मागून डॉक्टर धावत आले. मी एक इंजेक्शन दिलं, दुसरं दिलं, तिसरं भरलं. पण बाईचा श्वास केव्हाच थांबला होता.

डॉक्टरांनी तिला मागच्या खोलीत हलवायला लावलं, कारण साहेब जिना उतरत होते. ते आले, टेबलाकडे पाहून मान डोलावली, पाच मिनिटांत गेले. मागच्या खोलीचं दार कुणी उघडलंही नाही. आग लागो त्या टेबलक्लॉथला!

दुपारी हॉलमध्ये सगळ्यांना बोलावलं. साहेबांनी आमच्या विभागाचं कौतुक केलं. इन्चार्ज सिस्टरांनी मला पुढं ओढलं आणि म्हणाल्या, "ही आमची सगळ्यात हुशार मुलगी. एकटीनं विभाग सांभाळला, कुठं गडबड नाही."

खिडकीबाहेर तो माणूस जमिनीवर बसला होता, शवविच्छेदन होऊन बायको ताब्यात मिळायची वाट पाहत. हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला, तसं त्यानं वर पाहिलं.

मी हात जोडून सगळ्यांचे आभार मानत होते.