विहीणबाईंनी खाल्लेली नाचणीची भाकरी

चोपन्न-पंचावन्न साल असेल. लग्नानंतर दोन वर्षांनी माझी थोरली बहीण पहिल्यांदा डोंगरातल्या तळेघरला माहेरी आली, तीही सासूबरोबर. पुण्यात गव्हाची पोळी खाणाऱ्या विहिणीला नाचणी कशी वाढायची, म्हणून आईनं जपून ठेवलेला तांदूळ काढला. चौथ्या दिवशी, त्या निघायच्या सकाळी, तो संपला. मी नाचणीच्या भाकरी थापल्या आणि खुरासणीची, म्हणजे कारळ्याची, चटणी वाटली. आई खाली मान घालून म्हणाली, "विहीणबाई, घरात दुसरं काय न्हाई."

त्यांनी चटणीशी एक घास खाल्ला आणि लगेच दुसरा मोडला. मग म्हणाल्या, "माझं माहेर डोंगरातलंच. लग्न झाल्यापासनं ही चव मिळाली नाय. इतके दिवस लपवून का ठेवली?"

आईला हसू आलं आणि डोळेही भरले. तिसरी भाकरी संपेपर्यंत दोघी आपापल्या माहेराबद्दल बोलत बसल्या. वाटेसाठी मी चार भाकरी फडक्यात बांधल्या.

निघताना त्या बहिणीला म्हणाल्या, "दर साली भात निघाला की इकडं येत जा. जमलं तर मीबी येईन."

बहीण माझा हात धरून नुसती हसली. पुढच्या साली दोघी खरंच आल्या.