तांबं भरणाऱ्याची कविता

चंद्र, मोगरा आणि वारा यांच्यावर प्रेमकविता लिहिणाऱ्यांची मी यथेच्छ टिंगल करायचे. एम.ए. मराठीच्या पहिल्या वर्षाला होते, अक्कल उतू चालली होती. म्हणून स्वतः कविता लिहिली तेव्हा तिच्यात नळ घातला, मोटार घातली, वॉर्निश घातलं. खाली नाव न लिहिता ती विभागाच्या भित्तिपत्रकाच्या पेटीत टाकली. चार दिवसांनी सरांनी तीच कविता झेरॉक्स करून वर्गात वाटली.

आस्वादाच्या तासाला सर नेहमी बिननावाचीच कविता द्यायचे. नाव दिसलं की पोरं नावाचं कौतुक करतात, असं त्यांचं म्हणणं. कागद हातात आला आणि मी आधी शेजारच्या रांगेत पाहिलं, कारण तिथे माझा चुलतभाऊ बसला होता.

गंगापूरहून आम्ही दोघं रोज एकाच जीपने शहरात यायचो. तो सोबत आहे म्हणूनच वडिलांनी मला पुढे शिकू दिलं होतं. तो स्वतः भरतीची जाहिरात निघेपर्यंत वेळ काढत होता. आणि कवितेतला माणूस गंगापूरच्या स्टँडजवळ विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायचा. आमचं घर पाटलांचं, त्याचं बौद्ध वस्तीतलं. घरी कळलं असतं तर माझं कॉलेज त्याच दिवशी बंद झालं असतं. त्याच्या दुकानाचं आणि त्याचं काय झालं असतं, हा विचारही मी पुरा करत नसे.

सरांनी पहिलं कडवं वाचलं. ‘तू आठव्या दिवशीच्या नळासारखा येतोस, आणि घरातली भांडी कमी पडतात.’ वर्ग खूश झाला. शहरातल्या उस्मानपुऱ्यातली एक मुलगी म्हणाली, “सर, आठ दिवसांनी पाणी, म्हणजे ही बाई शंभर टक्के आपल्या शहरातली!” मला जरा श्वास घेता आला.

मग दुसरं कडवं आलं.

‘माझ्यातली जळालेली तार तू काढलीस, नवं तांबं भरलंस, आणि बटण दाबण्याआधी वॉर्निशचे हात पँटला पुसलेस.’

शहरातल्या पोरांना काही उमगेना. सरांनी विचारलं, “शेतीवाला कोण आहे इथे?” माझा भाऊ उठला.

“सर, मोटार जळली की भरायला टाकावी लागती. जुनी तार काढायची, नवं तांबं भरायचं, वर वॉर्निश द्यायचं,” तो उत्साहानं सांगू लागला. “आमच्या स्टँडपाशी एक हाय ना, तो अस्साच पँटला हात पुसतो.”

वर्ग हसला. तो मात्र बोलता बोलता थांबला आणि कागद पुन्हा वाचू लागला. माझा मूर्खपणा आत्ता लक्षात आला. चंद्र सगळ्यांचा असतो, त्यावरून कुणाचा पत्ता लागत नाही. मी मात्र माझ्या माणसाचं काम, त्याची सवय, त्याच्या हाताचा वाससुद्धा लिहून ठेवला होता.

भावाने मान वर करायच्या आत मी उठले.

“सर, ही प्रतिमा खोटी आहे,” मी म्हणाले. आवाज कापत होता. लोकांना वाटलं, रागाने. “कवयित्रीने नवं काहीतरी हवं म्हणून कारागीर कवितेत आणलाय. असल्या माणसावर शिकलेली मुलगी खरंच प्रेम करेल का? हे प्रेम कागदापुरतं आहे. खाली नाव लिहायचीसुद्धा तिला लाज वाटली असेल.”

सर म्हणाले, “कठोर आहे, पण मुद्दा आहे.” सगळ्यांनी तो मुद्दा वहीत उतरवून घेतला. भावानेही.

परतीच्या जीपमध्ये तो म्हणाला, “बरं झालं बोललीस. माझ्या डोक्यात उगंच भलतं आलं व्हतं.” मी नुसती हसले. स्टँडवर उतरल्यावर दुकानाकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

दोन वर्षांनी, एम.ए. हातात पडल्यावर, मी स्वतःच घरी सांगितलं. व्हायचं ते सगळं झालं, आणि आमचं लग्नही झालं. आता दुकान इथे शहरात आहे. ती झेरॉक्स त्याने फ्रेम करून मोटारींच्या वर लावली आहे. गिऱ्हाईक आलं की सांगतो, “आपल्यावर कविता हाय. कॉलेजात शिकवली.”

परवा त्याने विचारलं, “लोकं काय म्हणले गं तव्हा?”

“नळ आवडला सगळ्यांना,” मी म्हणाले. “एका मुलीनं मात्र लई नावं ठेवली.”

“ठेवू दे,” तो तार गुंडाळत हसला. “तिला काय ठावं आपलं!”

ती मीच होते, हे सांगायचा धीर मला अजून झालेला नाही.