फुटक्या पेटीचा अर्ज

ती घटना आठवली की आजही मला आधी हसू येतं आणि मग स्वतःचाच राग येतो. इंदापूर तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं. सकाळची हजेरी आटोपली आणि ठाणे अंमलदाराने टपाल समोर ठेवलं. त्यात एक निनावी अर्ज निघाला.

पळसदेवच्या मच्छीमार बायकांच्या बचत गटाने सरकारी अनुदानासाठी बनावट अर्ज केलाय, सातवी शिकलेल्या अध्यक्षाबाईला असं लिहिणं शक्यच नाही, यामागे टोळी आहे, असा मजकूर. त्याची एक प्रत अनुदानाच्या कार्यालयातही गेली होती. तिथल्या साहेबांनी हात झटकले. पोलिसांचा अहवाल येईपर्यंत गटाचा अर्ज बाजूला ठेवला. मंजुरीची यादी आठ दिवसांत लागणार होती. तोवर अहवाल गेला नाही, तर गटाचं वर्ष वाया जाणार होतं.

मागणी काय, तर बर्फाची पेटी बसवलेली तीनचाकी. उन्हाळ्यात उजनी धरणाचा मासा दुपारपर्यंत टिकत नाही, म्हणून काठावर येणारा व्यापारी म्हणेल त्या भावाला द्यावा लागतो. गाडी मिळाली तर या बायका स्वतः बारामतीच्या बाजारात जाऊन बसणार होत्या.

मी गटाचा अर्ज मागवून वाचला. भाषा स्वच्छ, मुद्दे जागच्या जागी. खरं सांगतो, मलाही वाटलं, कुठंतरी पाणी मुरतंय. इतकी वर्षं माणसं पारखली, पण डोक्यात एकदा शंका बसली की पोलीस तिलाच खतपाणी घालतो.

गटाच्या अध्यक्षा आणि सचिव अशा दोघींना बोलावलं. अध्यक्षा पंचेचाळिशीच्या, हातावर जाळ्याच्या दोरीचे वण. सचिव म्हणजे गावात किराणा दुकान चालवणाऱ्या एक मुस्लिम भगिनी. दोघींना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं आणि तेच तेच प्रश्न विचारले. पढवून आणलेली माणसं पोपटासारखं एकच बोलतात. या दोघींचं मात्र किरकोळ गोष्टींत जुळेना. एक म्हणाली दुकानात बसून अर्ज केला, दुसरी म्हणाली दुकानाबाहेरच्या बाकावर. मुद्द्याची गोष्ट मात्र दोघींची एकच होती: बारामतीच्या एका शिबिरात फोनमधलं एआय शिकलो, आम्ही बोलत गेलो, ते लिहीत गेलं.

मी आवाज चढवला. फोन आपोआप अर्ज लिहितो होय? खरं नाव सांगा, कुणी लिहून दिला?

अध्यक्षा डगमगल्या नाहीत. त्यांनी पदराआडून फोन काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला. "साहेब, समदं बोलणं ह्यात हाय. तुमीच वाचा."

जबाब लिहून घेणारा आमचा रायटर आणि मी वाचायला बसलो. एआयने त्यांना एकेक प्रश्न विचारला होता. मासा कधी मिळतो, कुठं विकता, अडचण काय? अध्यक्षाबाईंची उत्तरं त्यांच्याच बोलीत होती. धरणाचं पाणी उतरून बुडालेलं जुनं देऊळ उघडं पडलं की होड्या लांब न्याव्या लागतात, मासा काठावर यायला उशीर होतो, तवर उन्हानं नासतो. असलं उत्तर कुठली टोळी लिहून देणार?

मग एका ठिकाणी रायटर थांबला. एआयने मसुद्यात स्वतःच्या मनाने एक वाक्य घातलं होतं, की गटाला शीतगृह चालवण्याचा दीर्घ अनुभव आहे. त्याखाली बाईंचं उत्तर होतं: "आमी असं बोललो न्हाय. काढ ते. आमच्याकडं एक थर्माकोलची पेटी हाय, तीबी फुटकी. तेवढंच लिही."

मी कार्यालयाकडून आलेला अर्ज पुन्हा उघडला. तिथे स्पष्ट लिहिलं होतं, सध्या गटाकडे थर्माकोलची एक फुटलेली पेटी आहे. फायदा होत असताना खोटं खोडणारा आरोपी मी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता. माझा चढलेला आवाज आपोआप खाली आला.

"तालुक्याला पैसे देऊन अर्ज का नाही भरून घेतला?" मी विचारलं.

बाईंनी पिशवीतून गेल्या वर्षीचा नामंजूर अर्ज काढला. तालुक्याला अर्ज भरून देणाऱ्या एका दुकानदाराने तो लिहिला होता. त्याने दुसऱ्या कुठल्या गटाचाच मजकूर उचलून यांचं नाव टाकलं होतं. मासे धरणाऱ्या बायकांच्या नावाने शेळ्यांसाठी चारा मागितला होता! बाईंनी तो वाचून घेतला नव्हता, नुसत्या सह्या केल्या होत्या. सांगताना त्यांचे डोळे भरले. "हसं झालं आमचं. म्हणून ह्या खेपंला तीनदा वाचून घेतला."

त्या कागदाच्या डाव्या बाजूला वरपासून खालपर्यंत छपाईची एक काळी रेघ होती. ती रेघ मी आधी कुठंतरी पाहिली होती. निनावी अर्ज शेजारी ठेवला. रेघ तीच, जागा तीच. दुकानदाराला बोलावलं, दोन्ही कागद दाखवले, तसं त्याने सगळं कबूल केलं. पळसदेवचं बघून बाकीच्या गटांनीही त्याच्या दुकानाची पायरी सोडली होती, त्याचा हा राग. जबाब घेतला, रीतसर कारवाई केली. तक्रारीत तथ्य नाही, असा अहवाल सहाव्या दिवशी मी माणूस पाठवून पोहोचवला. यादीत पळसदेवचं नाव आलं.

पण माझी खरी शिकवणी त्याआधीच झाली होती. बाईंचा जबाब रायटरने लिहून पुढे सरकवला, सहीसाठी बोट ठेवलं. शेवटी नेहमीची ओळ होतीच: जबाब मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. बाई म्हणाल्या, "मग वाचून दाखवा की." रायटरने माझ्याकडे पाहिलं. ती ओळ आम्ही हजारो वेळा लिहिली होती. वाचलं किती वेळा, हे देवालाच ठाऊक. वाचला तेव्हा सुरुवातीलाच निघालं, "मी अशिक्षित असून". सातवी शिकलेल्या बाईंनी ते खोडायला लावलं.

दुसऱ्या दिवशी बावडा गावचे एक आबा बांधाच्या भांडणात जबाब द्यायला आले. या वेळी मी स्वतः तो मोठ्याने वाचून दाखवला. आबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "साहेब, ह्यातलं निम्मं मी बोललोच न्हाय."

रायटरने नवा कागद घेतला. मी आबांना चहा मागवला आणि म्हटलं, आता सावकाश सांगा.