डोहाचा दाणा

आमच्या घरात भातासाठी तांदूळ काढले की आधी एक मूठ बाजूला निघायची. ती डोहातल्या माशांची. तिला दाणा म्हणत. दाणा टाकण्याचा मान गावात आमच्या घराकडे होता, आणि घरात तो आत्याकडे होता.

पाताळगंगा खोपोलीहून खाली येते ती आमच्या गावाशी एका कातळाला वळसा घालते. त्या वळणात डोह होता. काठावर शेंदूर फासलेले सात दगड होते. त्या आसरा, पाण्यातल्या देवता. डोहात कुणी गळ टाकत नसे, जाळं लावत नसे. थोडं खाली, पाणी उथळ होई तिथे, हीच माणसं तेच मासे धरून कालवण करत. मधे एक आडवा दगड होता, ती हद्द. मासा ती ओलांडून खाली गेला की तो आसरांचा राहत नसे. याचं कुणाला काही वाटत नसे. मलाही नाही.

आत्या वडिलांची मोठी बहीण. लग्नानंतर लवकरच तिचा नवरा गेला आणि ती माहेरी परत आली. घरात ती हळू बोलायची, सगळ्यांच्या मागून जेवायची, पाहुणे आले की आतल्या खोलीत जायची. तिचा खरा आवाज डोहावरच ऐकू यायचा. काठावर बसून ती हाताने पाणी हलवायची आणि "या गं बायांनो," म्हणून हाक मारायची. खालून काळ्या पाठी वर येत, तांदूळ टिपत आणि लगेच बुडत. गावात नवी नवरी आली की तिला डोह दाखवायला न्यायचं, आणि त्यासाठी आत्याला बोलावणं यायचं. बाकी कुठल्या शुभकार्यात तिला कुणी पुढे करत नसे.

मी लोणावळ्याला मामाकडे राहून कॉन्व्हेंटमध्ये शिकत होते. सुट्टीत गावी यायची. गावातलं बोलणं मला सगळं कळे, पण माझ्या तोंडून ते नीट निघत नसे, म्हणून मी गप्प राहायची. आत्याबरोबर डोहावर जाणं सोयीचं होतं. तिथे फक्त शेजारचे म्हातारबा असत, म्हशी धूत. त्यांचा ठरलेला प्रश्न असे.

"काय गं, तुज्या शाळंत मासं इंग्लिशमंदी तोंड उघडतात का?"

"नाही," मी म्हणे.

"मंग शिकवतात तरी काय?" असं म्हणून ते म्हशीच्या पाठीवर थाप मारत.

वडील नदीच्या वरच्या अंगाला एका कारखान्यात स्टोअर सांभाळत. आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात त्यांना कॉलनीत क्वार्टर मिळाली. दोन खोल्या, घरात नळ, डोक्यावर पंखा. गावातलं घर चुलत्यांना वापरायला द्यायचं ठरलं. आईने भांडी बांधायला काढली. आत्याने काही बांधलं नाही.

"आक्का, तुझी पेटी?" वडिलांनी विचारलं.

"मी कशाला? इथे दाणा कोण टाकील?"

"अगं, मासे नदीत काय वाटेल ते खातात."

"खातात. पण वाट बघतात."

"वन्सं, तिकडे नळ आहे घरात," आई म्हणाली. "हंडा उचलायला नको."

"असू दे," आत्या म्हणाली.

मी क्वार्टर पाहून आले होते. आत्याची गादी स्वयंपाकघरात ओट्याखाली बसवायची होती, दिवसा गुंडाळून ठेवायची. शेजारीपाजारी सगळे परके. तिला ओळखणारं तिथे कुणी नव्हतं आणि कुणी बोलावणंही पाठवणार नव्हतं. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण तिला कळलं असावं. वडील म्हणाले, पावसाआधी बघू. चुलत्यांना मात्र घर रिकामंच हवं होतं.

त्या वर्षी नदी फार उतरली होती. आदला पाऊस लवकर आटोपला होता. आमच्या नदीला उन्हाळ्यात पाणी असतं ते वीजघराचं. वीज करून झाली की ते घाटाखाली सोडतात. त्या वर्षी ते थोडंच यायचं. कारखान्याचं पाणी मात्र रोजच्यासारखं यायचं. डोह चहाच्या रंगाचा झाला होता, कडेला फेस साचायचा, आणि ओले कपडे बादलीत विसरून राहावेत तसा वास यायचा. बायका धुणं घेऊन विहिरीवर जाऊ लागल्या. त्याबद्दलही फारसं कुणी बोललं नाही.

मग एका सकाळी आम्ही डोहावर गेलो तर मासे आधीच वर आले होते. आत्याने हाक मारली नव्हती. सगळा डोह तोंडांनी भरला होता. लहान, मोठे, तळाशी राहणारी, कधी न दिसणारी वामसुद्धा. सगळ्यांची तोंडं पाण्याबाहेर, उघडत मिटत. आत्याच्या हातातली मूठ तशीच राहिली. मग तिने म्हातारबांना हाक मारली. इतक्या मोठ्याने ओरडताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

दुपारपर्यंत गाव जमलं. आसरा प्रसन्न झाल्या, असं ठरलं. शेजारच्या गावांतून माणसं आली. कुणी मुरमुरे आणले, कुणी लाह्या, कुणी खोबरं, कुणी भाताचं पातेलंच. रोज सकाळी तेच. ऊन चढलं की मासे खाली जात, सकाळी पुन्हा वर. बायका आधी आत्याच्या पाया पडत, मग दाणा टाकत. एकीने तर तिची ओटी भरायला घेतली. आत्या मागे सरली, मग थांबली आणि तिने पदर पुढे केला.

गावातली चार माणसं वडिलांकडे आली. म्हातारबा पुढे होते.

"आत्याबायला नेऊ नका. तिच्या हाताला मासं येतात. ती गेली तं डोहाकडं कोन बगल?"

"पण एकटी कशी राहील ती?"

"येकटी कशाला? आमी काय मेलो हाय का?"

चुलते तिथेच बसले होते. त्यांच्यासमोर वडिलांना नाही म्हणता आलं नाही. मागची खोली आत्याला राहील, असं ठरलं. त्या दिवशी आत्या आमच्या पंगतीला बसून जेवली.

मी रोज डोहावर जात होते आणि बघत होते. मासे खात नव्हते. मुरमुरे त्यांच्या तोंडाला लागून बाजूला सरकत. पाणी जवळपास थांबलेलं होतं, त्यामुळे टाकलेलं सगळं तिथेच बुडे. काठाजवळ तळाशी एक पांढरा थर साचला होता, वरून बुरशी आल्यासारखा. मी आत्याला म्हटलं, "ते खात नाहीयेत."

"पोट भरलंय त्यांचं," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर हसू होतं.

संध्याकाळी मी वडिलांना सांगितलं. ते पेपर वाचत होते.

"पाणी कमी आहे," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "पाऊस आला की होईल ठीक." पेपरचं पान त्यांनी उलटलं नाही.

मासे मेले ते पाऊस यायच्या आधी. सकाळी डोह पांढरा दिसला, सगळी पोटं वर. काही आडव्या दगडावरून खाली घसरले होते, पण तेही कुणी उचलले नाहीत. कावळे खाली उतरत होते आणि परत उडत होते. आत्या काठावर उभी राहिली. तिने मूठ पाण्यात टाकली नाही, पदरातच ठेवली. गावकरी आले, बघून गेले. दुपारपर्यंत वास सुटला.

कारखान्याचं नाव एक-दोघांनी काढलं, पण निम्म्या घरांतलं कुणी ना कुणी तिथे कामाला होतं, म्हणून ते तेवढ्यावर राहिलं. मग विहिरीवर दुसरंच सुरू झालं. विधवेची ओटी भरली, आसरांना ते चाललं नाही. जिने ओटी भरली होती तीच सांगत होती. म्हातारबा तेवढं म्हणाले, "गप ऱ्हावा गं बायांनो. पानी बगा जरा." पण खोलीचा विषय त्यांनीही पुन्हा काढला नाही. चुलतीने मागच्या खोलीत लाकडं रचायला घेतली.

आत्याने पेटी भरली. टेंपोत ती माझ्याजवळ, गाद्यांवर बसली होती. वडिलांच्या कारखान्याच्या अलीकडे पूल आहे. पुलाशेजारी एका मोठ्या पाइपातून तपकिरी पाणी नदीत पडत होतं. पाइपाच्या वरची नदी स्वच्छ होती, तळाचे गोटे दिसत होते. आत्याने मान वळवून दोन्हीकडे पाहिलं. पुढे बसलेल्या वडिलांच्या डोक्याकडेही पाहिलं.

क्वार्टरमध्ये तिची गादी ओट्याखाली बसली. सकाळी तांदूळ काढताना ती सवयीने एक मूठ बाजूला घ्यायची, थोडा वेळ धरून उभी राहायची आणि परत डब्यात टाकायची.

माझी शाळा सुरू व्हायच्या आधी एकदा आम्ही दोघीच घरात होतो. मूठ तिच्या हातात होती.

"तुमच्या पुस्तकात माशांचं असतं ना?" तिने विचारलं.

"असतं."

"ते वर का आले होते?"

मी सांगितलं. पाण्यात हवा असते, मासे ती घेतात. पाणी खराब झालं, त्यात काही कुजायला लागलं, की ती हवा संपते. मग ते वर येतात.

"म्हणजे भूक नव्हती त्यांना."

"नाही."

तिने मुठीतल्या तांदळाकडे पाहिलं. "मग आम्ही एवढं टाकलं, मुरमुरे, भात. त्याचं काय झालं?"

मला तो पांढरा थर दिसत होता.

"वाहून गेलं," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली. तिने तांदूळ डब्यात टाकले आणि झाकण लावलं. मग नळ सोडला आणि हात धुतले.