जपानी चिंधीला मायचा टाका

जुन्या कपड्यांवर भांडी देत मी वीस वर्षं नागपूरच्या गल्ल्या पालथ्या घातल्या, तेव्हा कुठे भंडाऱ्यात माझं भांड्यांचं दुकान झालं. धंद्यात एकच नियम होता: ठिगळाचा कपडा घ्यायचा नाही. बंगल्यांतल्या बाया ठिगळाची बाजू आत घडी करून साडी पुढे करायच्या. मी ती झटकून उघडायचे आणि परत करायचे. फाटकाच्या आत मला कोणी घेतलं नाही. पाणीसुद्धा गजांतून मिळायचं. ते मी विसरलेले नाही.

गेल्या हिवाळ्यात तसल्याच एका बंगल्यातली बाई गाडीने भंडाऱ्याजवळ कारध्याला माझ्या घरी आली. तिला मायने शिवलेली गोधडी हवी होती. बाबांची धोतरं, माझे परकर, सगळं त्यात गेलेलं. विकायला मायची हरकत नव्हती. मला मात्र भाव त्या गजांसकट वसूल करायचा होता.

बाईने पातळ कागदात गुंडाळलेलं एक कापड उलगडलं. जपानचं, शंभर वर्षांपूर्वीचं, निळ्यावर निळी ठिगळं. तिकडच्या थंड मुलखात कापूस पिकत नसे, म्हणून गरीब शेतकरी एकाच कपड्यावर पिढ्यान्‌पिढ्या ठिगळं चढवत.

"याला बोरो म्हणतात, मावशी. केवढं तत्त्वज्ञान आहे यात!"

"थंडी वाजून राहिली होती त्याईले," मी म्हटलं. "तत्त्वज्ञान कायचं?"

बाई हसली. आमच्या अंगावर असतं तेव्हा ती गरिबी. सातासमुद्रापलीकडून आलं की कला.

तासभर भावावर अडलो. मग ती फोन घेऊन अंगणात गेली, मी चहा ठेवायला आत. परत येते तो माय ते जपानी कापड मांडीवर घेऊन बसलेली. कोपऱ्याचं ठिगळ सुटलं होतं, ते तिने पांढऱ्या दोऱ्याने टाचून टाकलं होतं. उसवलेलं समोर असताना तिचा हात कधी स्वस्थ बसलेला नाही.

मागोमाग आलेली बाई किंचाळली, "अहो, सत्यानाश केलात!"

"काहून वो बाई?" मायने विचारलं. "टाका जाडा पडला काय?"

"त्याला हात लावायचा नसतो! आहे तसंच ठेवायचं असतं!"

"फाटकंच?"

बाई नखाने दोरा ओढायला लागली.

"थांबा, कापड फाटन. मीच काढते."

जन्मभर टाके घातलेली म्हातारी चोरी पकडल्यासारखी मान खाली घालून स्वतःचाच टाका काढत बसली. माझं डोकं फिरलं. गोधडी उचलून मी आतल्या खाटेवर टाकली.

"देत नाही."

"मावशी, तुम्ही म्हणाल तो भाव देते."

तासभर जो मागत होते, तोच.

"नेऊन करता काय? भिंतीवर टांगता. अन् उसवली का तशीच ठेवता. निघा."

गाडी वळली तशी माय माझ्यावर उखडली. "आलेलं गिऱ्हाईक हाकललं. काढला ना मी टाका? दुसरी गोधडी शिवायले मले किती दिस लागते?"

भल्याभल्यांना भावात वाकवणारी मी, मायपुढून चहा उतरवायच्या निमित्ताने आत सटकले. पण त्या बाईवरचा राग अजून उतरलेला नाही, आणि उतरवायची मला घाईही नाही.