दोन कानांचा कण

आमची ताई धूळ मोजते. म्हणजे तळ्याच्या बुडाशी साचलेला जुना गाळ धुवायचा आणि त्यातले झाडाफुलांचे परागकण सूक्ष्मदर्शकाखाली ओळखायचे, हे तिचं काम. घरात केर मी काढायचा आणि धुळीचा पगार हिने घ्यायचा, असा आमच्याकडचा न्याय. पण तिला चिडवण्यात मजा नाही, कारण ती अर्धी कायम दुसरीकडेच असते. खिडकीचा काळा पडदा ओढून नळीला डोळा लावला, की तिला हजारो वर्षांपूर्वीचा वारा दिसतो म्हणे. जेवताना घास हातात तसाच राहतो.

गेल्या वर्षी तिच्या टेबलावर आमच्याच डोंगराखालच्या तळ्याचा गाळ आला. आमचा म्हणजे बाबांचा डोंगर. कागदोपत्री नसेल, पण त्या बोडक्या उतारावर एकेक पाइन त्यांनी लावला, खांद्यावरून पाणी वाहून जगवला. आई म्हणायची, यांच्या मुली दोनच, बाकीची पोरं डोंगरावर. आता तिथे शिरलं की पायाखाली मऊमऊ, डोक्यावर नुसती सळसळ आणि भर दुपारी संध्याकाळ. माझा फार जीव आहे त्या झाडांवर, कशाला लपवू? पण वनखात्याला काळजी लागली होती. गवतात घरटी करणारे चंडोल तिथून गेले होते, झराही आटत चालला होता. मग हा डोंगर मुळात होता तरी कसा? गाळाच्या जुन्या थरांत पाइन सापडला तर झाडं राहणार होती. नाहीतर ती तोडून गवत परत आणायचं ठरलं होतं.

ताईने थरामागून थर पाहिले. गवत, रानफुलं, गुरांच्या शेणावरची बुरशी, मधूनमधून कोळशाची पूड. माणसं तिथे गुरं चारत होती, वाळलं गवत जाळत होती आणि पुढच्या वर्षी पुन्हा फुलं येत होती. डोंगर कुणी उजाड केलेला नव्हताच, पिढ्यान्‌पिढ्या राखलेलं कुरण होतं ते. ताई हे झोपेत बोलल्यासारखी सांगायची आणि मी मनात म्हणायचे, बाबांना कोण सांगणार?

आणि एके दिवशी अगदी खालच्या थरात पाइनचा कण निघाला. दोन फुगीर कानांचं उंदराचं डोकं असावं तसा दिसतो तो, चुकायची सोयच नाही. तिचे साहेब खूश झाले. मी तर हात जोडले.

ताई मात्र पुन्हा नळीला डोळा लावून बसली. जुने कण आतून पोकळ असतात, हा टच्च भरलेला होता. त्या दिवशी ती डोंगरावर बाबांना भेटून तशीच कामावर गेली होती. मोसम होता, झाडांखाली पिवळी भुकटी उडत होती आणि बाबांनी नेहमीसारखा तिच्या डोक्यावरून हात फिरवला होता. कामाचा कोट तिने घातला, केस झाकायचे राहिले. कण तिच्या केसांतून पडला होता.

मी भडकले. सुंठीवाचून खोकला जातोय तर जाऊ दे की, म्हटलं. एवढासा कण, कुणाला कळतंय? बापाच्या मुळावर कशाला उठतेस? तोंडाला येईल ते बोलले. तिने सगळं ऐकून घेतलं, रडलीही. मग म्हणाली, "कण बाबांचाच आहे गं. पण आजचा आहे."

साहेबांना सांगायच्या आधी ती बाबांना कामावरच्या आपल्या खोलीत घेऊन गेली. मी मागोमाग गेले, भांडण झालंच तर बाबांच्या बाजूने. बाबांनी चष्मा कपाळावर सारला, नळीला डोळा लावला आणि हललेच नाहीत. ताई काच हळूहळू सरकवत त्यांच्या कानाशी सांगत होती, हे गवत, हे त्यातलं फूल, हे दुसरं. काळ्या पडद्याआड फक्त तिचा आवाज होता. मलाही तो डोंगर दिसायला लागला, वाऱ्यावर लवणारा, वर आभाळात चंडोल गात चढताहेत असा. भांडायचं मी विसरूनच गेले.

नळीवरचा डोळा काढत बाबा म्हणाले, "एवढं सगळं होतं, आणि मला बोडकं दिसलं."

तुमची काय चूक, तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं, असं ताई म्हणाली. बाबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर ओढला.

"पहिला खड्डा खणताना गवतात घरटं निघालं होतं," ते म्हणाले. "अंडी कोमट होती. मी उचलून बाजूला ठेवली. म्हटलं, झाड मोठं झालं की पाखरं वर राहायला जातील."